शेकडा तीन म्हणजे किती?

इयत्ता सातवीच्या सरळव्याजाच्या उदाहरणांत व्याजाचा दर 'दरसाल दरशेकडा' असतो. गावच्या खासगी देवघेवीत मात्र 'शेकडा तीन' म्हणजे शंभरास दरमहा तीन रुपये. हा भेद वर्गात क्वचितच सांगितला जातो.

एका शाळेत मी विचारले, "बँकेचा दर बारा, सावकाराचा तीन. स्वस्त कर्ज कोणाचे?" सर्व मुले उत्तरली, "सावकाराचे!" मग फळ्यावर 10,000 रुपयांचे वर्षाचे व्याज मांडले: बँकेचे 1,200, सावकाराचे 3,600. एक मुलगी हळूच म्हणाली, "मग बाबांनी तीनचे का घेतले?" मजजवळ उत्तर नव्हते. गरज तातडीची असली म्हणजे मनुष्य दर पाहत नाही, दार पाहतो.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींनी या पाठात दोन गोष्टी पाळाव्यात. प्रत्येक दरापुढे 'महिन्याचा की वर्षाचा?' हा प्रश्न मुलांकडून वदवून घ्यावा, व महिन्याचा असल्यास बारांनी गुणावयास लावावे. बचत गटाचा 'शेकडा दोन' हाही दरमहाचा असेल, तर वर्षास चोवीस होतो. दुसरे, कोणाच्या घरी कर्ज किती, हे वर्गात कदापि विचारू नये. उदाहरणे कल्पित घ्यावीत. घरचा हिशेब मुले घरी करतील.