संघ घडवणारा माणूस

चुडाव्याच्या मैदानावर खेळासाठी दोन संघ पाडताना काय होते, ते तुम्ही नेहमी पाहता. दोन्ही कर्णधार आधी चांगले खेळणारे गडी मागून घेतात. शेवटी तीन-चार मुले उरतात. त्यांना कोणीच बोलावत नाही. आता समजा, अशाच उरलेल्या मुलांना घेऊन कोणी स्पर्धा जिंकून दाखवली, तर त्याला तुम्ही काय म्हणाल? उर्दूत अशा माणसाला आपण उस्ताद म्हणतो. मराठीत प्रशिक्षक म्हणतात. आज आपण अशाच एका प्रशिक्षकाची ओळख करून घेऊ. त्यांचे नाव खालिद जमील.

खालिद यांचा जन्म 21 एप्रिल 1977 रोजी कुवेतमध्ये झाला. त्यांचे आईवडील पंजाबी, मूळचे भारतीय. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला आणि पुढे आखाती युद्ध पेटले. त्या धामधुमीच्या काळात हे कुटुंब भारतात आले. कुवेत मागे राहिले. फुटबॉल मात्र खालिद यांच्याबरोबर आला.

मुंबईत खालिद महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडिया या संघांकडून खेळले. भारताच्या संघातही त्यांची निवड झाली. ते मैदानाच्या मधल्या भागात खेळत. मागून आलेला चेंडू पुढच्या खेळाडूपर्यंत पोहोचवणे, हे त्या जागेचे मुख्य काम. गोल बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावावर लागतो. पुढे दुखापतींमुळे त्यांचे खेळणे कमी होत गेले. 2009 मध्ये ते निवृत्त झाले. तेव्हा ते मुंबई एफसी या संघात होते. त्याच संघाने त्यांना प्रशिक्षक नेमले. त्यांचे वय होते अवघे बत्तीस.

जर्मनीतही असेच एक उदाहरण आहे. युर्गेन क्लॉप माइन्झ या संघाकडून तीनशेहून अधिक सामने खेळले. पण मोठा खेळाडू म्हणून त्यांचे नाव झाले नाही. फेब्रुवारी 2001 मध्ये त्यांच्याच संघाने त्यांना प्रशिक्षक केले. 2004 मध्ये तो संघ प्रथमच जर्मनीच्या पहिल्या विभागात पोहोचला. पुढे 2019 मध्ये क्लॉप यांनी इंग्लंडच्या लिव्हरपूल संघाला युरोपचे विजेतेपद मिळवून दिले. स्वतः उत्तम खेळणे आणि दुसऱ्याकडून उत्तम खेळवून घेणे, ही दोन निराळी कामे आहेत, हे यावरून समजते.

खालिद सात वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. संघाकडे पैसा थोडा होता. तरी तो देशाच्या पहिल्या विभागात टिकून राहिला. 2016 मध्ये ही साथ सुटली आणि खालिद थेट मिझोरमला, आयझॉल एफसी या संघाकडे गेले.

या संघाची स्थिती कशी होती? 2016 च्या हंगामात तो खालच्या विभागात घसरला होता. गोव्याच्या काही संघांनी माघार घेतली, म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. या संघात मिझो तरुण होते. सीरियाचा महमूद अल अम्ना होता. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे पूर्वी मुंबई एफसीत खेळलेले खेळाडूही होते. नावाजलेले खेळाडू विकत घ्यावेत, एवढा पैसा नव्हता. जे आहेत, त्यांच्यातूनच संघ उभा करायचा होता.

स्पर्धेत दहा संघ होते. प्रत्येकाला अठरा सामने खेळायचे होते. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक गुण. 22 एप्रिल 2017 रोजी आयझॉलचा सामना कोलकात्याच्या नामवंत मोहन बागान संघाशी झाला. 83 व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्टे याने डोक्याने चेंडू जाळ्यात मारला. आयझॉल 1-0 ने जिंकला.

आता शेवटचा सामना उरला. तो 30 एप्रिलला शिलाँगमध्ये होता. आयझॉलला एक गुण पुरेसा होता. पण नवव्याच मिनिटाला शिलाँग लाजाँगने गोल केला. मध्यंतर झाले, तरी बरोबरी होईना. अखेर 67 व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेला याने गोल केला. सामना 1-1 असा सुटला. आयझॉलचे 37 गुण झाले, मोहन बागानचे 36. केवळ एका गुणाने आयझॉल विजेता ठरला! ईशान्य भारतातील संघाने देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

पुढे खालिद यांनी ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूर या संघांना शिकवले. 1 ऑगस्ट 2025 रोजी त्यांची भारताच्या मुख्य प्रशिक्षकपदी निवड झाली. गोव्याचे सावियो मेदेइरा 2012 पर्यंत या पदावर होते. त्यांच्यानंतर हे पद भारतीय माणसाकडे आले ते असे तेरा वर्षांनी. लगेच मध्य आशियातील एका स्पर्धेत भारताने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला.

पण मित्रांनो, खेळात हारही असते. 14 ऑक्टोबर 2025 रोजी गोव्यात सिंगापूरने भारताला 2-1 असे हरवले आणि 2027 च्या आशियाई चषकात खेळण्याची आशा संपली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही हरवले. संघ जिंकला, की गोल करणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येते. संघ हरला, की प्रश्न प्रशिक्षकाला विचारतात. हे ठाऊक असूनही जो गळ्यात शिट्टी अडकवून पुन्हा मैदानावर उतरतो, त्याच्याच हातून संघ घडतो.

तुमच्या वर्गातही कोणी मागे राहिलेला असेल. त्याला काय येत नाही, हे सगळ्यांना माहीत असते. त्याला काय येते, हे शोधणारा एखादाच असतो. तो तुम्ही व्हा.

शब्दार्थ
धामधूम – गडबड, धावपळ
अवघे – फक्त
माघार घेणे – मागे हटणे
नामवंत – प्रसिद्ध
बरोबरी – दोन्ही संघांचे गोल सारखे होणे
हंगाम – मोसम

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खालिद जमील यांचा जन्म कोठे झाला?
(आ) आयझॉल संघ किती गुणांच्या फरकाने विजेता ठरला?
2. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 2016 मध्ये आयझॉल संघाची स्थिती कशी होती?
(आ) खालिद जमील आणि युर्गेन क्लॉप यांच्यात कोणते साम्य आहे?
3. मैदान, उस्ताद, हंगाम हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द शोधून वाक्यांत वापरा.