साखरेची तपासणी करून घे

सातारा

चि. सौ. मृणाल,

काल ताईचा, तुझ्या आईचा, फोन आला. डोहाळजेवणाचं सगळं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, साखरेच्या तपासणीला तू गेलीच नाहीस. ‘मी एवढी बारीक, मला कसली साखर,’ असं म्हणालीस म्हणे. रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. २४ ते २८ आठवडे ही त्या तपासणीची वेळ, आणि तुला सव्विसावा चालू आहे.

बारीकपणाचं मला सांगू नकोस. तुझी आजी कुठे जाड होती? तरी इन्सुलिनची सुई तिला शेवटपर्यंत सुटली नाही. तू राहतेस त्याच पुण्यात, केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी हे वर्षानुवर्षं अभ्यासलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि यूडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३च, पण अंगातली चरबी यूडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपली माणसं काट्यावर हलकी भरतात आणि आत चरबी बाळगून असतात. त्या काट्याच्या भरवशावर तू बसलीस?

आणि तुझं बाकीचं पाहा ना. वय ३२. ताईला चाळिशीतच मधुमेह. तुझं पीसीओडी तर कॉलेजपासूनचं. वारेतून जे हार्मोन येतात त्यांनी प्रत्येकच गरोदर बाईच्या इन्सुलिनचा जोर कमी पडतो. स्वादुपिंडाला जास्तीचं काम झेपलं तर निभावतं, नाही तर साखर चढते, आणि चढलेली बहुधा जाणवतसुद्धा नाही. म्हणून म्हणते, तपासणी.

तुझ्या जन्माच्या वेळी मी ताईजवळ होते. सव्वाचार किलोची तू! सगळ्यांनी पेढे वाटले. संध्याकाळी तुझी साखर उतरली आणि तुला आत नेलं. काचेपलीकडून तुझ्याकडे बघत ताई रडत होती. नऊ महिन्यांत तिची साखर कुणी पाहिली नव्हती, आणि का पाहिली नाही हे विचारावं एवढं मला तेव्हा कळत नव्हतं. ती खंत अजून जात नाही गं.

ओकाऱ्यांची भीती वाटते का? आपल्याकडच्या सरकारी पद्धतीत उपाशीही राहावं लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. अर्ध्या तासाच्या आत उलटून पडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. आकडा १४० किंवा वर आला तरी घाबरायचं नाही. बहुतेकींचं जेवण सांभाळून आणि रोज चालून भागतं. नाही भागलं तर औषध आहे, इन्सुलिन आहे. फक्त कळायला हवं, आणि वेळेत कळायला हवं.

फार बोलले का? रागावू नकोस. तू अंगाखांद्यावर वाढलेली पोर, तुला आता बाळ होणार, या आनंदातच जीव घाबरा होतो. डोहाळजेवणाला तुझ्या आवडीचं सगळं करू. जे तुला चालेल ते, पण पोटभर.

सोमवारी जा. जावईबापूंना रजा नसेल तर रविवारच्या एसटीनं मी येते. ते दोन तास तिथे एकटी बसू नकोस, मला बोलाव.

तुझी,
सुमामावशी