वळिवड्याची छावणी

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले म्हणजे थोड्याच वेळात वळिवडे नावाचे एक लहानसे स्थानक लागते. आजूबाजूला उसाचे मळे आणि पलीकडे पंचगंगेचे पात्र. स्थानक इतके साधे की खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याच्या ते लक्षातही राहू नये. परंतु दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, म्हणजे १९४३ साली, या गावाजवळ एक परके गाव वसू लागले. तेथे राहावयास आलेल्या माणसांची संख्या सुमारे पाच हजार होती. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती; वृद्ध माणसे थोडी, आणि तरुण पुरुष जवळजवळ नव्हतेच. ही माणसे पोलंड देशाची होती. घर नाहीसे झालेल्या माणसाला नव्या मुलखात निवारा मिळाला म्हणजे त्याला सारे काही मिळाले असे होते काय, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने या गावाची हकीकत ऐकावी.

पोलंड हा युरोपातील देश. त्याच्या एका बाजूस जर्मनी आणि दुसऱ्या बाजूस रशिया. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने त्याच्यावर पश्चिमेकडून स्वारी केली आणि १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत रशियाचे सैन्य पूर्वेकडून आत शिरले. देशाचे दोन तुकडे झाले. पूर्वेकडील भागातून शेतकरी, वनरक्षक, निवृत्त सैनिक, सरकारी नोकर अशा लोकांना कुटुंबांसह हद्दपार करावे असे रशियन सरकारने ठरविले. १० फेब्रुवारी १९४० रोजी पहिली मोठी धाड पडली. कडाक्याच्या थंडीत, अंधारात दारे ठोठावली गेली. बंदूकधारी शिपाई दारात उभे आणि सामान बांधावयास थोडा वेळ. मुलांनो, अशा वेळी घरातील कोणती वस्तू उचलावी हे तुम्हांला सुचले असते का? लाखो माणसांना गुरांच्या वाघिणींत कोंबून सायबेरियात, उत्तर रशियातील अरण्यांत आणि कझाकस्तानच्या मैदानांत नेऊन सोडण्यात आले. तेथे लाकूडतोडीचे काम, अपुरी भाकरी आणि हाडे गोठविणारी थंडी. कित्येक लहान मुले त्या थंडीतच दगावली.

१९४१ साली जर्मनीने रशियावरच हल्ला केला, आणि काल शत्रू असलेले रशिया व पोलंड आज एका बाजूस आले. कैदेतील पोलिश लोकांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांनी त्यांच्यातून सैन्य उभारण्यास आरंभ केला. सैन्य जेथे जमत होते तेथे बायका-मुलेही पायी, बैलगाडीने, आगगाडीने, जसे साधेल तसे पोहोचू लागली. १९४२ साली कास्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून अधिक माणसे इराणच्या पहलवी बंदरात उतरली. उवांमुळे पसरणारा टायफस हा ज्वर त्यांच्याबरोबर आला होता, म्हणून त्यांचे केस कापण्यात आले, अंगावरचे कपडे जाळण्यात आले आणि किनाऱ्यावरील वाळूत तंबू ठोकून त्यांना ठेवण्यात आले. सैन्य पुढे युद्धावर गेले. बायका-मुलांना ठेवावे कोठे, हा प्रश्न उरला. मग पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड अशा दूरदूरच्या देशांनी त्यांतील काहींना जागा दिली. हिंदुस्थानात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या संस्थानात, जामनगरजवळ बालाचडी येथे, शेकडो मुलांसाठी निवासस्थान उघडले. आणि सर्वांत मोठी वसाहत झाली ती कोल्हापूर संस्थानात, वळिवड्यास. खर्चाचा भार लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या पोलंडच्या सरकारने उचलला. कोल्हापूरची हवा ना फार उष्ण, ना फार थंड. आजाराने खंगलेल्या माणसांस ती मानवेल, असाही विचार त्यामागे होता.

इराणातून कराची आणि कराचीहून आगगाडीने कोल्हापूर, असा बहुतेकांचा प्रवास झाला. वळिवड्यास त्यांच्यासाठी लांबच लांब कौलारू बराकी बांधल्या होत्या. बराक म्हणजे सैनिकांच्या वस्तीची चाळच. परंतु येथे एक गोष्ट निराळी होती. प्रत्येक बराकीचे भाग पाडून कुटुंबागणिक खोल्या दिल्या होत्या, पुढे ओसरी होती, आणि ज्याच्या त्याच्या स्वयंपाकाची सोय ज्याच्या त्याच्या बिऱ्हाडात होती. जी मुले पोरकी होती, त्यांच्यासाठी मात्र निराळे अनाथालय होते व तेथे सर्वांचा स्वयंपाक एकत्र होई.

आपली चूल आपल्याजवळ असणे ही लहान बाब आहे असे वाटेल. आपल्या भाषेत वेगळा संसार थाटण्याला ‘चूल मांडणे’ म्हणतात, ते उगाच नव्हे. तीन वर्षे या बायकांनी दुसऱ्याने मोजून दिलेले अन्न रांगेत उभे राहून घेतले होते. सायबेरियातील बराकीत एका छपराखाली कितीतरी कुटुंबे दाटीवाटीने राहत. इराणातील तंबूंत आडोसा म्हणून काही नव्हते. आता बाजारातून बटाटे आणावेत, आपल्या हाताने सोलावेत आणि आपल्या मुलांना आपल्या पद्धतीने शिजवून वाढावेत, एवढे स्वातंत्र्य त्यांना मिळाले. आई काय शिजवीत आहे ते वासावरून ओळखणे हे मुलांच्या दृष्टीने घराचे पहिले लक्षण. ते लक्षण वळिवड्याच्या बराकीत पुन्हा दिसू लागले.

अडचणी काही थोड्या नव्हत्या. कोल्हापूरचा पावसाळा त्यांना नवा होता. बर्फ पाहत वाढलेल्या माणसांना आठवडेच्या आठवडे कोसळणारा पाऊस, ओलसर अंथरुणे, हिवताप, विंचू आणि साप या गोष्टींची सवय करून घ्यावी लागली. चूल पेटविणे, डोक्यावर टोपी घातल्यावाचून उन्हात न जाणे, पादत्राणे झटकून मगच पायांत घालणे, असे कितीतरी धडे शाळा उघडण्यापूर्वीच गिरवावे लागले.

शाळा मात्र लवकरच उघडल्या. या लोकांचे मला सर्वांत अधिक कौतुक वाटते ते येथे. हद्दपारीत व प्रवासात मुलांची दोन-तीन वर्षे वाया गेली होती. काही मुलांना आपल्या भाषेत धड लिहिताही येत नव्हते. पुस्तके थोडी, शिक्षकही निर्वासितांतीलच. तरीही प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, धंदेशिक्षणाची शाळा असा सारा क्रम छावणीत उभा राहिला. देऊळ म्हणावे तसे त्यांचे प्रार्थनामंदिर झाले, रुग्णालय झाले, नाटके होऊ लागली. बालवीरांची पथके निघाली आणि पंचगंगेच्या काठी त्यांचे खेळ रंगू लागले. मुंबईहून पोलिश भाषेत एक नियतकालिकही निघत असे. वळिवड्याच्या वाटेने जाणाऱ्यास क्षणभर वाटावे की आपण पोलंडमधील एखाद्या लहान गावात आलो आहोत.

शेजारच्या खेड्यांतील लोक भाजी, दूध, अंडी घेऊन येत. कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांनी दुकाने मांडली. देण्याघेण्याची भाषा आरंभी हातवाऱ्यांची होती. मग आकडे आले, आकड्यांच्या मागून वस्तूंची नावे आली. मुले ही भाषा मोठ्यांच्या आधी शिकतात, हा सर्व देशांतील अनुभव आहे. तथापि हे पोलिश गाव बहुतांशी आपल्यातच राहिले, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या मुलांनी मराठी शाळेत नाव घातले नाही; आपल्या मुलांना पोलंडच्या राजांचा इतिहास कोणी शिकविला नाही. हिंदुस्थान आणि पोलंड यांची खरी ओळख करून देण्याचे काम वांडा दिनोव्स्का या विदुषीने केले. त्या १९३५ पासून या देशात राहत होत्या आणि गांधीजींनी त्यांना ‘उमादेवी’ हे नाव दिले होते. भारतीय ग्रंथ पोलिश भाषेत आणण्यासाठी त्यांनी एक ग्रंथमाला काढली. अशी माणसे थोडी. बाकीच्यांस, तुम्ही येथल्या लोकांत मिसळून का गेला नाहीत, असे विचारणे मला योग्य वाटत नाही. जे उद्या आपल्या घरी परत जाणार आहेत, ते आपली भाषा सांभाळतात. आणि युद्ध संपले की आपण परत जाणार, याविषयी छावणीत कोणालाही शंका नव्हती.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पोलिश घरांत एक रीत पाळतात. आकाशात पहिली चांदणी दिसली म्हणजे सारे कुटुंब जेवावयास बसते आणि मेजावर एक जागा मोकळी ठेवतात. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी ते पान असते. वळिवड्याच्या बिऱ्हाडांत तर अनेक पाने मोकळी होती. कोणाचा बाप इटलीत लढत होता, कोणाचा भाऊ कोठे आहे याचा पत्ता नव्हता, कोणाची आई सायबेरियाच्या मातीत निजली होती. मे १९४४ मध्ये इटलीतील माँटे कॅसिनो येथील डोंगरमाथ्यावर पोलिश सैनिकांनी निशाण रोविले. त्या विजयाचा आनंद छावणीत झाला असेलच. परंतु त्या लढाईत शेकडो पोलिश सैनिक पडले होते, आणि टपालाची वाट पाहणाऱ्या घरांना आनंदाआधी भीतीच वाटली असली पाहिजे.

१९४५ साली युद्ध संपले. पोलंड जिंकलेल्यांच्या बाजूस होता, आणि तरीही वळिवड्यातील बहुतेक माणसांचे घर गेले ते गेलेच. मोठ्या राष्ट्रांनी पोलंडची सीमा पश्चिमेकडे सरकविली. ज्या पूर्व भागातून ही माणसे हद्दपार झाली होती तो रशियाच्या ताब्यात गेला. तेथील ल्व्हूव्ह हे शहर आज युक्रेन देशात आहे, तर व्हिल्नो हे शहर व्हिल्नियस या नावाने लिथुआनियाची राजधानी झाले आहे. ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. पाच वर्षे ज्या गावाकडे डोळे लावून बसावे, ते नकाशावर दुसऱ्याच देशाच्या रंगात रंगविलेले दिसावे, याहून मोठा धक्का कोणता? उरलेल्या पोलंडमध्ये जावे, तर तेथे रशियाच्या कलाने चालणारे राज्य. न जावे, तर कोठे जावे?

१९४६ साली बालाचडीचे निवासस्थान बंद झाले आणि तेथील मुलेही वळिवड्यास आली. नंतर १९४८ पर्यंत छावणी हळूहळू रिकामी झाली. ज्यांची माणसे सैन्यात होती ती ब्रिटनला गेली, काही पोलंडला परतली, काही आफ्रिकेतील छावण्यांत, तर काही पुढे ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला, अमेरिकेला. ब्रिटनला पोहोचलेल्या अनेकांच्या वाट्यास पुन्हा बराकीच आल्या, आणि त्याही अर्ध्या नळकांड्याच्या आकाराच्या, पत्र्याच्या. पुन्हा नवी भाषा आणि पुन्हा पहिल्यापासून चूल मांडणे. एवढेच की या वेळी उद्या परत जाण्याची आशा नव्हती. छावणीतील एक मुलगी मात्र एका महाराष्ट्रीय तरुणाशी विवाह करून कोल्हापुरातच राहिली, आणि तिचा सारा संसार येथेच झाला.

बराकी फार दिवस ओस पडल्या नाहीत. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंध प्रांतातून आलेल्या हजारो हिंदू कुटुंबांस मुंबई इलाख्यात निवारा शोधावा लागला. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ज्यांना जागा मिळाली त्यांच्यातून पुढे उल्हासनगर उभे राहिले. काही कुटुंबे वळिवड्यास आली. ज्या कराचीतून पोलिश माणसे या बराकींकडे निघाली होती, ते सिंधचे मुख्य शहर. तेथूनच आता दुसरी घर हरवलेली माणसे येत होती. वस्तीला गांधीनगर हे नाव मिळाले. या नव्या रहिवाशांची स्थिती एका बाबतीत पोलिश लोकांहून निराळी होती. आपण परत जाणार नाही हे त्यांना लवकरच कळून चुकले. त्यामुळे त्यांनी मराठी लवकर शिकून घेतली, कापडाचे गठ्ठे घेऊन ती आसपासच्या बाजारांत हिंडली आणि आज कापडाच्या घाऊक व्यापारासाठी गांधीनगराचे नाव सर्वत्र घेतले जाते. दुकानांच्या दाटीत जुन्या छावणीच्या खुणा शोधाव्याच लागतात.

जगभर पांगलेल्या पोलिश लोकांनी ब्रिटनमध्ये भारतातील पोलिश रहिवाशांचे एक मंडळ स्थापन केले. वळिवड्याच्या शाळेत एका बाकावर बसलेली मुले केस पिकल्यावर पुन्हा एकत्र जमू लागली. त्यांतील काही जण कोल्हापूरलाही येऊन गेले आणि कोल्हापूरकरांनी त्यांचे स्वागत केले. पोलंडची राजधानी वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाचे एक स्मारक आहे. २०२४ साली भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे जाऊन आदरांजली वाहिली. कोल्हापुरातही स्मारकस्तंभ उभारलेला आहे. शिवाय शहरात एक लहानशी पोलिश दफनभूमी आहे. छावणी रिकामी झाली तेव्हा ज्यांना कोठेही जावयाचे नव्हते, ती माणसे तेथे आहेत.