एक सूर, अनेक श्वास : स्कॉटिश पाइप बँडमधील शिक्षणक्रमाचा अभ्यास

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात काखेत पिशवी व खांद्यावर नळ्या घेऊन वाजवीत जाणारे जवान आपण सर्वांनी पाहिले आहेत. हे वाद्य म्हणजे बॅगपाइप. ब्रिटिश फौजेतील स्कॉटिश पलटणींबरोबर ते भारतात आले, आणि स्वातंत्र्यानंतरही भारतीय लष्कराने ते जपले. त्याचे माहेर मात्र स्कॉटलंड आहे. तेथे आजही गावोगावी, शाळाशाळांतून पाइप बँड चालतात आणि मुले त्यांत दाखल होऊन शिकतात.

प्रस्तुत लेखात आम्ही एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत. ज्याच्या घरात कोणी कधी वाद्य हाती धरलेले नाही, असे दहा-बारा वर्षांचे मूल अशा बँडमध्ये गेले तर ते काय शिकते आणि कोणत्या क्रमाने शिकते? ज्या निवासी शाळेत बहुसंख्य विद्यार्थी शिकणारी पहिली पिढी म्हणून येतात, तिला हा प्रश्न दूरदेशीचा वाटू नये.

कुळाची विद्या, गावाची विद्या

जुन्या काळी स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात पाइपवादन ही बऱ्याच अंशी घराण्याची विद्या होती. कुळप्रमुखाच्या पदरी वंशपरंपरेने वादक असत. स्काय बेटावरील मॅक्रिमन घराणे हे मॅक्लाउड कुळप्रमुखांचे वादक म्हणून प्रसिद्ध आहे. बोरेरेग येथे त्यांची शिकवणी चाले. स्वरलिपी प्रचारात नसल्याने गुरू तोंडाने विशिष्ट अक्षरे गाऊन धून शिकवी आणि शिष्य ती कंठस्थ करी. आपल्याकडे तबल्याचे बोल शिकवितात, तसाच हा प्रकार होय. इतर कुळांतील शिष्यही तेथे शिकत, त्यामुळे आपल्या जातिव्यवस्थेशी त्याची तंतोतंत तुलना करणे योग्य होणार नाही. तथापि विद्या मोजक्या घरांत आणि आश्रयदात्याच्या मर्जीवर राहिली, एवढे खरे.

1746 मधील कलोडनच्या लढाईनंतर कुळव्यवस्था मोडकळीस आली. पुढे वादकांना लष्करात आश्रय मिळाला. एकोणिसाव्या शतकात लष्करी पलटणींत पाइप आणि ढोल एकत्र आले आणि आजचा पाइप बँड आकारास आला. 1883 मध्ये ग्लासगोलगतच्या गोव्हन येथे पोलिसांचा बँड उभा राहिला. मग खाणकामगारांच्या वस्त्यांतून आणि कारखान्यांतूनही असे बँड निघाले. 1930 साली बँडांची मध्यवर्ती संघटना स्थापन झाली, ती आज रॉयल स्कॉटिश पाइप बँड असोसिएशन या नावाने ओळखली जाते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या डॅगनहॅम येथे एका धर्मोपदेशकाने केवळ मुलींचा पाइप बँड सुरू केला. पुरुषांचे मानले गेलेले वाद्य मुलींनी रस्त्यावर आणि रंगमंचावर वाजवून दाखविले. वंशाच्या हाती असलेली विद्या अशा रीतीने पायरीपायरीने सर्वांसाठी खुली झाली.

वाद्याची रचना

वादक फुंकनळीतून पिशवीत हवा भरतो. नळीतील झडप ती हवा परत येऊ देत नाही. पिशवीतून हवा चार नळ्यांकडे जाते. खांद्यावरील तीन नळ्यांना ड्रोन म्हणतात. त्यांतील दोन मध्यम व एक खर्जाची असून त्या एकच स्वर अखंड धरून ठेवतात. सनईवादनात जोडीदार सूर धरतो किंवा जलशात तुणतुणे सतत वाजत राहते, तेच काम येथे ड्रोन करतात. चौथी नळी, चँटर, बोटांनी वाजवितात. तिच्यात नऊच स्वर आहेत.

या रचनेतून दोन अडचणी उद्भवतात. पहिली, आवाज लहान-मोठा करता येत नाही. दुसरी, पिशवीतून हवा सतत वाहत असल्याने धून चालू असता दोन स्वरांच्या मध्ये क्षणाचीही शांतता ठेवता येत नाही. एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवायचा असेल, तर त्या दोहोंमध्ये निमिषमात्र दुसरा स्वर घालून त्यांना वेगळे करावे लागते. या अतिलघू स्वरांना ग्रेसनोट म्हणतात. पाइपवादकाचे सारे कौशल्य या ग्रेसनोटांत आणि त्यांच्या ठराविक समूहांत साठलेले आहे. जोर देता येत नसल्यामुळे, कोणता स्वर महत्त्वाचा आहे हेही त्यांच्याच आधारे सांगावे लागते.

प्रवेश आणि पहिले वर्ष

नवे मूल बँडच्या सराव-संध्येला जाते तेव्हा त्याच्या मनात गणवेश, पिशवी आणि मिरवणूक असते. त्याच्या हाती मात्र एक बारीक, हलकी नळी येते. ती सरावाची चँटर. तिला पिशवी नाही, ड्रोन नाहीत, आवाजही मंद. मूल टेबलाशी बसते, नळीचे टोक टेबलावर टेकविते आणि बोटे ठेवण्यास शिकते. बोटांची टोके टेकवायची नसतात. बोटे सरळ ठेवून त्यांच्या मांसल भागाने छिद्रे झाकावयाची असतात. एक छिद्र किंचित जरी उघडे राहिले तरी स्वर बिघडतो.

यानंतरचा क्रम ठरलेला आहे. आधी नऊ स्वरांची चढ-उतार, मग एकेक ग्रेसनोट, मग त्यांचे समूह, आणि त्यानंतर पहिली सोपी धून. प्रत्येक समूह अतिशय संथ गतीने, प्रत्येक बोट स्पष्ट उचलून वाजवावा लागतो. घाईने शिकलेला चुकीचा समूह पुढे काढून टाकणे हे नवा शिकण्याहून कठीण असते, म्हणून शिक्षक गती वाढवू देत नाहीत. धून कागदावरून शिकावयाची, परंतु वाजवावयाची मुखोद्गतच. चालताना आणि वर्तुळात उभे असताना वादकापुढे कागद नसतो. ढोलवादक होऊ इच्छिणारे मूलही ढोलापासून आरंभ करीत नाही. त्याच्यासमोर रबराची सरावपट्टी असते आणि दोन्ही हातांचे ठोके सारखे पडेपर्यंत ते तिच्यावरच घटवीत राहते.

मोठा आवाज करणारे वाद्य हाती येण्याआधी असे महिनोन्‌महिने, बहुधा वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ जातो. पुष्कळ मुले याच टप्प्यावर गळतात, कारण या काळात त्यांची कोणी वाहवा करीत नाही. आमच्या मते या शिक्षणाचा खरा पाया येथेच घातला जातो.

पिशवी आणि वीणेची तार

यथाकाल पिशवी मिळते, आणि जे येत होते तेही क्षणभर येईनासे होते. फुंकताना पिशवी फुगते. श्वास घेताना फुंक थांबते, तेव्हा काखेतील दाबाने हवा पुढे ढकलावी लागते. फुंक आणि दाब यांची अदलाबदल इतकी सफाईदार हवी की नळ्यांना ती कळू नये. दाब वाढला तर स्वर चढतो व कर्कश होतो, कमी झाला तर उतरतो किंवा नळी मुकी होते. सुरुवातीचे विद्यार्थी जिवाच्या आकांताने फुंकतात, लाल होतात आणि दोन मिनिटांत थकतात. शिक्षक त्यांना एका ड्रोनवर, मग दोहोंवर, मग तिन्हींवर असे क्रमाने आणतात.

येथे सोण थेरांची कथा आठवल्यावाचून राहत नाही. पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण करूनही चित्त मुक्त होईना, तेव्हा ते निराश झाले. तथागतांनी त्यांना त्यांच्या गृहस्थाश्रमातील वीणेविषयी विचारले. तार फार ताणली तर वीणा नीट वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. ती सम असावी लागते. वीर्यही तसेच सम असावे, असा तो उपदेश होता. पाइपवादकाला हा मध्यम मार्ग पुस्तकात शोधावा लागत नाही. त्याच्या काखेतील पिशवी प्रत्येक श्वासाला तो शिकविते.

स्वतः बाबासाहेबांनी कामाच्या प्रचंड व्यापात व्हायोलिन हाती घेतले आणि शिक्षकाकडून त्याचे धडे घेतले. जगन्मान्य विद्वानाला नवशिक्या होण्यात कमीपणा वाटला नाही. नवशिकेपण हा शिकण्याचा पहिला अधिकार आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

वर्तुळात उभे राहणे

बँडचा संगीतप्रमुख पाइप मेजर असतो. वादनापूर्वी तो प्रत्येकाची चँटर ऐकतो. एखादा स्वर चढा लागत असेल तर त्या छिद्राच्या वरच्या कडेवर चिकटपट्टी थोडी खाली सरकवून तो उतरवितो. हवा थंड असो वा गरम, वाद्य तापले की स्वर बदलतात आणि पुन्हा जुळवणी करावी लागते. सर्वांचे चँटर आणि सर्वांचे ड्रोन जुळले म्हणजे वीस वाद्यांचे एक वाद्य होते. एकाचा जरी स्वर हलला, तरी तो सर्वांना ऐकू येतो.

स्पर्धेत ढोलांच्या आरंभीच्या ठोक्यांबरोबर ड्रोन एकदम सुरू व्हावे लागतात, आणि शेवटही एका क्षणी व्हावा लागतो. कोणाची पिशवी नंतर कण्हत राहिली तर ती चूक धरली जाते. बँड चालत येतो आणि वर्तुळ करून, परस्परांकडे तोंड करून उभा राहतो. चार परीक्षक ऐकतात : दोन पाइपांचे, एक ढोलांचा आणि एक समग्र मेळाचा. जागतिक स्पर्धा प्रथेप्रमाणे ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीन या मैदानावर भरते.

खरा प्रश्न

आता एका कठीण प्रश्नाकडे वळू. एकाच्या कच्चेपणाने साऱ्यांचा सूर बिघडत असेल, तर त्या कच्च्या मुलाचे काय करावे? वर्षभर सरावाला आलेल्या मुलाला स्पर्धेच्या आधी वर्तुळाबाहेर थांबावयास सांगणे, हा प्रसंग पाइप मेजरवर येतो. मुलाला ते लागते. त्याला घ्यावे तर इतरांच्या श्रमावर अन्याय होतो, वगळावे तर समता कोठे राहिली?

तेथील व्यवस्थेने यावर एक उत्तर शोधलेले आहे. बँडांच्या श्रेणी पाडलेल्या आहेत. प्रौढांसाठी चौथ्या श्रेणीपासून पहिल्या श्रेणीपर्यंत चढत जावे लागते, आणि मुलांसाठी नॉव्हिस ज्युवेनाइल व ज्युवेनाइल असे वेगळे गट आहेत. मोठ्या संस्था एकाच नावाखाली दोन-तीन बँड चालवितात. आज वरच्या वर्तुळात न बसणाऱ्या मुलाला खालच्या वर्तुळात जागा असते, तेथे ते खरोखर वाजविते आणि पुढच्या वर्षी वर सरकते. अनेक बँड वाद्य उसने देतात आणि जुने वादक नव्यांना मोबदल्याविना शिकवितात, कारण त्यांनाही कोणीतरी तसेच शिकविलेले असते.

ही वाट सर्वत्र सारखी रुंद नाही. स्कॉटलंडमध्येही महागड्या खाजगी शाळांत पाइप बँड सहज आढळतात, तर सरकारी शाळांतील मुलांना शिक्षक व वाद्ये मिळावीत म्हणून वेगळा न्यास उभारावा लागला. संधी आपोआप खाली झिरपत नाही, ती प्रयत्नपूर्वक पोहोचवावी लागते. हे आपणास कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही.

समतेसाठी कसोटी खाली आणावी लागत नाही. कसोटीपर्यंत जाणाऱ्या पायऱ्या बांधाव्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर शिकविणारा उभा करावा लागतो. शाळेच्या लेझीम पथकात, वाचनवर्गात, गणिताच्या तासाला मागे राहिलेल्या मुलाला आपण केवळ थांबावयास सांगतो, की त्याच्यासाठी दुसरे वर्तुळ मांडतो? या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही हा प्रश्न शिक्षकांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. ज्यांना या शाळेत कोणीतरी टेबलाशी बसवून पहिले अक्षर गिरवावयास शिकविले, त्यांनी वर्षातून काही संध्याकाळ तरी तशाच एखाद्या टेबलाशी येऊन बसावे.