आधी चॅनल, मग यंत्र : घरच्या कॉम्प्युटरवर टीव्ही साठवायचा तर खर्च किती?

आषाढी एकादशीची शासकीय महापूजा पंढरपुरात पहाटे अडीचच्या आसपास सुरू होते आणि दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी ती थेट दाखवते. तुकोबांची पालखी बारामतीहून पिंपळी, काटेवाडी करत सणसरकडे जाते, त्या वाटेवरच्या पिंपळीसारख्या गावाला पूजा पाहायची हौस असणारच. पण पहाटे अडीचला उठणार कोण? शेतीला रात्रीची वीज असेल तर घरातला एक माणूस उसाला पाणी द्यायला जागा असतो, तोही टीव्हीसमोर नसतो. मग प्रश्न निघतो : घरात पोराच्या अभ्यासासाठी घेतलेला कॉम्प्युटर आहे, त्यावर टीव्ही घेता येईल का, साठवून ठेवता येईल का, आणि पैसे किती जातील?

घेता येतो, साठवताही येतो. खर्च काहीशे रुपयांपासून पंधरा हजारांपर्यंत कुठेही जाऊ शकतो. तो यंत्रावर ठरत नाही, तुम्हाला कोणता चॅनल हवा आहे यावर ठरतो. म्हणून दुकानात जाण्याआधी कागद घ्या आणि घरात खरोखर पाहिले जाणारे चॅनल लिहून काढा. (खाली दिलेले भाव ढोबळ आहेत. बाजारात ते वर-खाली होतात, तेव्हा बारामतीत दोन दुकानांत विचारूनच घ्या.)

कुलूप कुणाला आहे?

टीव्हीचे चॅनल दोन प्रकारचे. एक उघडे, दुसरे कुलूपबंद. खासगी डीटीएच आणि केबलचे चॅनल कुलूपबंद असतात, आणि किल्ली त्या कंपनीच्या बॉक्समध्ये व कार्डात असते. कॉम्प्युटरला कितीही महागडा ट्यूनर, म्हणजे टीव्हीची लहर पकडणारे यंत्र, जोडला तरी हे कुलूप उघडत नाही. रेकॉर्डिंगची सोय असलेल्या कंपनीच्या बॉक्समध्ये कार्यक्रम साठतो, पण ती फाइल सहसा त्याच बॉक्सवर चालते. हार्ड डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर काही दिसत नाही.

उघडे चॅनल मिळण्याची मोठी जागा म्हणजे डीडी फ्री डिश. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झाली. तिला महिन्याचे भाडे नाही, रिचार्ज नाही. सह्याद्री, डीडी न्यूज, डीडी स्पोर्ट्स हे दूरदर्शनचे चॅनल त्यावर असतात. खासगी चॅनल लिलावात जागा घेऊन येतात, त्यामुळे आज दिसणारा सिनेमाचा चॅनल पुढच्या वर्षी असेलच असे नाही. क्रिकेटवाल्यांसाठी एक गोष्ट : २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे ठरलेले सामने हक्कदार वाहिनीला प्रसार भारतीला द्यावे लागतात.

थोडक्यात, यादीत सह्याद्रीच्या सातच्या बातम्या, शेतीचा कार्यक्रम आणि महापूजा असेल तर काम स्वस्तात होते. यादीत फक्त खासगी वाहिन्यांच्या मालिका असतील तर ट्यूनरचा नाद सोडा.

चार मार्ग, चार हिशेब

पहिला : फ्री डिशचा बॉक्स आणि पेन ड्राइव्ह. हा मार्ग दुकानदार स्वतःहून सुचवत नाही, कारण त्यात त्याची कमाई कमी. यूएसबीची खाच आणि रेकॉर्डिंगची सोय असलेला एमपेग-४ बॉक्स साधारण ९०० ते १,५०० रुपये. दोन फुटी छत्री ४०० ते ७००, छत्रीसमोर बसणारी, लहर झेलणारी एलएनबी १५० ते ३००, वायर मीटरला १५ ते २५, बसवण्याची मजुरी ३०० ते ५००. वीस मीटर वायर धरली तर सगळे मिळून दोन ते साडेतीन हजार. छत्री आधीच असेल तर फक्त बॉक्सचा खर्च, आणि रेकॉर्डिंगवाला बॉक्सही असेल तर नुसता पेन ड्राइव्ह. बॉक्स कार्यक्रम पेन ड्राइव्हवर उतरवतो, तो कॉम्प्युटरला लावून व्हीएलसी या फुकटच्या प्लेअरवर पाहायचा. घेताना दुकानातच पाच मिनिटे रेकॉर्ड करून ती फाइल लॅपटॉपवर चालते का ते पाहा. जुना एमपेग-२ बॉक्स नव्या पद्धतीचे चॅनल दाखवत नाही, म्हणून ‘एमपेग-४’ हा शब्द खोक्यावर वाचून घ्या.

दुसरा : कॉम्प्युटरला सॅटेलाइट ट्यूनर. याला डीव्हीबी-एस२ ट्यूनर म्हणतात. यूएसबीवर चालणारा डबा पाच हजारांच्या खाली क्वचित मिळतो, चांगला आठ ते बारा हजारांना पडतो. तालुक्याच्या दुकानात तो सहसा नसतो, मागवावा लागतो. छत्री वेगळी, आणि टीव्हीही चालू ठेवायचा तर साधी एलएनबी काढून दोन तोंडांची ट्विन एलएनबी (३०० ते ५००) लावा, म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र वायर मिळेल. एवढे पैसे देऊन मिळते काय? उपग्रहावरून डझन-दीड डझन चॅनल एकाच लहरीवर गुंडाळून येतात आणि ट्यूनर ती अख्खी लहर पकडतो. त्यामुळे टीव्हीहेडएंडसारख्या मोफत सॉफ्टवेअरने त्या लहरीवरचे दोन-तीन चॅनल एकाच वेळी साठवता येतात. बॉक्सला हे जमत नाही. शिवाय आलेला प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर लिहिला जातो, म्हणून दहा वर्षे जुना कॉम्प्युटरही पुरतो.

तिसरा : कॅप्चरची पट्टी. बॉक्समधून टीव्हीकडे जाणारे चित्र मध्येच पकडणारे हे छोटे यंत्र. पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांचे ३०० ते ६०० रुपयांना, एचडीएमआयचे ५०० ते १,५०० रुपयांना. डीटीएचच्या एचडी बॉक्सच्या एचडीएमआय वायरीत एचडीसीपी नावाचे कुलूप असते, तिथे पडदा काळा येतो. पिनांतून चित्र मिळते, पण जुन्या टीव्हीइतकेच स्पष्ट. इथे चित्र नव्याने दाबून साठवायचे काम कॉम्प्युटरवर पडते, तो मरगळलेला असेल तर चित्र अडखळते. जुन्या काळातले टीव्ही ट्यूनर कार्ड घरात पडून असेल तर टाकू नका. त्याचा अँटेना आता कामाचा नाही, पण पिनांची खाच अजून चालू शकते. नव्या विंडोजवर ड्रायव्हर मिळतो का, एवढे आधी पाहा.

चौथा : इंटरनेट. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हे मोफत ॲप सुरू केले. दूरदर्शनचे बरेच काही यूट्यूबवरही असते. पाहायला वेगळे यंत्र नको, पण नेट हवे. साध्या स्पष्टतेने एका तासाला अर्धा ते पाऊण जीबी डेटा जातो. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीत दोन-तीन तास पाहिले की संपले. घरी वायरचे ब्रॉडबँड आधीच असेल तर हा मार्ग सगळ्यांत स्वस्त, फक्त टीव्हीसाठी घ्यायचे तर महिना ४०० ते ७०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी.

आता तीन वर्षांचा हिशेब मांडू. डीटीएचला महिना ३०० रुपये धरले तर ३६ महिन्यांचे १०,८०० होतात. फ्री डिश आणि रेकॉर्डिंगचा बॉक्स एकदाच तीन हजार. ट्यूनरसह सगळे एकदाच बारा ते पंधरा हजार. नुसता रिचार्ज वाचवायला ट्यूनर घेणारा माणूस तीन वर्षे नुकसानीतच असतो.

पिंपळीत छत्री कुठे रोखायची?

फ्री डिशचे चॅनल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्वेला उभा आहे. बारामती परिसरातून तो आग्नेयेला दिसतो : होकायंत्रावर साधारण १३२ अंश, आणि जमिनीपासून सुमारे ६० अंश उंच. छत्री मात्र तेवढी आभाळाकडे पाहताना दिसणार नाही. ही छत्री ‘ऑफसेट’ असते, लहर तिरकी झेलते, म्हणून ती बरीच उभी वाटते. नवखे लोक ती जास्त मागे झुकवतात आणि सिग्नल जातो. ट्यूनर हाताने लावायचा असेल तर सुरुवातीला ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० हे आकडे भरा आणि एलएनबीचे मूल्य ९७५०-१०६०० ठेवा. पडद्यावर ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ असे दोन पट्टे दिसतील. पहिला पट्टा भरला तरी हुरळू नका, दुसरा भरेपर्यंत छत्री बोटभर हलवत राहा आणि शेवटी एलएनबी जागच्या जागी थोडी फिरवून पाहा.

शेवग्याची किंवा नारळाची फांदी आड येते का, हे पाहायची एक फुकटची युक्ती आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबरअखेरीस सकाळी अकराच्या सुमाराला सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीवर स्वच्छ ऊन असेल तर वाट मोकळी. सावली पडली असेल तर फांदी छाटा. याच दिवसांत काही मिनिटे चित्र फाटते, तो बॉक्सचा दोष नाही. मेकॅनिकला बोलावून पैसे घालवू नका.

डिस्क किती लागते?

साध्या स्पष्टतेचा चॅनल तासाला एक ते सव्वा जीबी घेतो, एचडी तीन ते चार. ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर (४०० ते ७०० रुपये) पन्नासेक तास मावतात. एक टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर (साधारण साडेचार ते साडेसहा हजार) आठशे-नऊशे तास. एकादशी, दोन-चार शेतीचे कार्यक्रम आणि पोरांचा एखादा सिनेमा यासाठी टीबीची डिस्क घेणे म्हणजे पायलीभर ज्वारीला कणगी विणणे. पेन ड्राइव्ह ‘फॅट-३२’ पद्धतीचा असेल तर एक फाइल चार जीबीच्या पुढे जात नाही. साडेतीन तासांनंतर कार्यक्रम तुकड्यांत मिळाला तर घाबरू नका.

या गोष्टी घेऊ नका

ऑनलाइन ‘डिजिटल टीव्ही स्टिक’ म्हणून हजार-दोन हजारांना पेन ड्राइव्हएवढी कांडी विकतात, सोबत बोटभर अँटेना असतो. ती डीव्हीबी-टी जातीची, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरींसाठी. दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबई, औरंगाबादसह १६ शहरांत तसे डिजिटल प्रक्षेपण सुरू केले होते. पिंपळीत त्या कांडीला पकडायला काही नाही. ओळख सोपी : सॅटेलाइट ट्यूनरला आटे असलेली, स्क्रूसारखी फिरवायची खाच असते आणि सोबत विजेचा ॲडॅप्टर येतो, कारण त्याला छत्रीवरच्या एलएनबीलाही वीज पुरवायची असते.

‘सगळे पेड चॅनल फुकट’ म्हणून विकला जाणारा बॉक्स किंवा ॲपही घेऊ नका. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आले. दुसऱ्याचा हक्क मोडण्यासाठी कुलूप फोडणे हा त्याखाली गुन्हा आहे. स्वतःच्या घरी पाहण्यासाठी केलेले रेकॉर्डिंग मात्र कलम ३९ ला चालते. तेच यूट्यूबवर चढवले किंवा गणपतीच्या मांडवात तिकीट लावून दाखवले की सवलत संपली.

वीज आणि पाऊस

डेस्कटॉप सुमारे १२० वॅट खातो. रोज तीन तास धरले तर महिन्याला अकराच्या आत युनिट, युनिटला आठ रुपयांनी ८५-९० रुपये. लॅपटॉप याच्या तिसऱ्या हिश्शात भागवतो, बॉक्स तर दहा-पंधरा वॅटवर चालतो. यूपीएस अडीच ते साडेतीन हजारांचा. फक्त टीव्हीसाठी तो घेऊ नका, पण कॅप्चर पट्टी वापरत असाल तर सॉफ्टवेअरमध्ये फाइल ‘एमकेव्ही’ प्रकारात साठवायला सांगा. वीज मध्येच गेली तर ‘एमपी४’ फाइल अनेकदा अख्खी वाया जाते, ‘एमकेव्ही’ आणि बॉक्सची ‘टीएस’ फाइल तुटेपर्यंतचा भाग दाखवते. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की छत्रीची वायर मागून काढून ठेवा. परतीचा मोठा पाऊस आला की सिग्नल काही वेळ जातोच, त्यावर पैसे खर्चून उपाय नाही.

मग घ्यायचे काय?

सह्याद्री आणि एक-दोन उघडे चॅनल हवे असतील तर बॉक्स आणि पेन ड्राइव्ह. एकाच वेळी अनेक चॅनल साठवायचे असतील आणि कॉम्प्युटरशी खटपट करण्याची हौस असेल तरच ट्यूनर. खासगी मालिका हव्या असतील तर रिचार्ज चालू ठेवा आणि कंपनीच्या बॉक्समध्येच साठवा. दुकानदाराला तीन प्रश्न विचारा : हा एस२ आहे का? फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालेल का? बिल आणि वॉरंटी मिळेल का? एकाचेही उत्तर ‘चालतंय की’ असे आले तर पाकीट खिशात ठेवा.

आणि टायमर पहिल्यांदा एकादशीच्या रात्रीच लावू नका. स्वस्त बॉक्सचे घड्याळ अनेकदा ग्रीनिचच्या वेळेवर असते. सेटिंगमध्ये जाऊन +५:३० केले नाही तर अडीचची पूजा सकाळी आठला रेकॉर्ड व्हायला लागते. आठवडाभर आधी सातच्या बातम्या टायमरवर लावून पाहा. एकादशीच्या रात्री कॉम्प्युटर झोपी जाणार नाही असे सेटिंग करा. आणि झोपताना सवयीने भिंतीवरचा खटका बंद करणारे जे कोणी घरात असेल, त्यांना आधी सांगून ठेवा.