डोळे गेले, तरी मेंदू जागा

आमच्या वैराग भागात लोक सहज म्हणून जातात, ‘डोळे गेले, सारे गेले.’ विज्ञान वेगळे सांगते. मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे रक्त अधिक वाहते आणि हा ओघ यंत्राने टिपता येतो. १९९६ मध्ये नोरिहिरो सादातो व सहकाऱ्यांनी लहानपणीच अंध झालेल्यांना बोटांनी ब्रेल वाचायला दिले. तेव्हा डोक्याच्या मागील बाजूचा, एरवी दृष्टीसाठी राबणारा भाग कामाला लागलेला दिसला. पडीक रानात दुसरे पीक उभे राहावे, तसेच हे!

मराठीसाठी भारती ब्रेल १९५१ पासून आहे. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. अक्षराचे मोल जाणतो. अंध मुलाला घरी बसवू नये. बोटे कोवळी असतानाच त्याच्या हाती पुस्तक द्यावे.