वास येत नाही, हेही दुखणंच

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ताप आला, उतरला, सगळे म्हणाले सुटलीस. वास मात्र गेला तो गेलाच. घरी गोडा मसाला करून विकणाऱ्या बाईसाठी ही काय गोष्ट आहे, हे मी आमच्याकडच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना सांगत होते. त्यांनी मानही वर केली नाही. "जेवण जातंय ना? मग झालं. जीव वाचला ते बघा." नाकात दुर्बीण घालून पाहिलं नाही, सायनसचं विचारलं नाही. झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. फी तेवढी पूर्ण घेतली.

मसाला नाकाने भाजतात. तीळ-खोबरं रंगावरून कळेल. दगडफूल मुळातच काळपट, ते झालं की करपलं हे डोळ्यांना काय दिसणार? ऑर्डरी बंद केल्या.

पण खरी धडकी भरली ती गॅसच्या दिवशी. मी ओट्याशी लसूण सोलत होते, आणि शेजारच्या काकू दारातूनच ओरडल्या, "अगं, गॅस!" नळीला चीर गेली होती. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन मिसळतात. ती सोय माझ्यापुरती बंद पडली होती. काकू आल्या नसत्या तर? आणि घरचे काय म्हणाले? "लक्ष कुठे असतं तुझं?" लक्ष जागेवरच होतं हो!

पुढे वास यायला लागला, पण भलताच. कांदा परतला की सडका वास, कॉफीला जळकं रबर. घास उतरेना, वजन उतरलं. जाऊबाई चार पाहुण्यांदेखत म्हणाल्या, "नखरे!" याला पॅरोस्मिया म्हणतात, हे पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मला रडूच आलं. वासाच्या पेशी नव्याने वाढताना जोडण्या चुकतात असं मानतात. पुष्कळदा ते सुधारणेचंच लक्षण असतं.

त्यांनीच वासाचा सराव दिला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये मांडलेला. गुलाब, लवंग, लिंबू, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी वीसेक सेकंद, निदान 12 आठवडे. जोरात ओढायचं नाही, हलकं हुंगायचं आणि तो वास मनात आठवायचा. मला लवंग आधी कळली, गुलाब अजून धड नाही. सगळ्यांचा वास परततोच असं नाही. दुर्बिणीने तपासा म्हणून डॉक्टरांकडे हट्ट धरा; मांसल वाढ निघाली तर तिला उपचार आहेत. मामेसासऱ्यांसारखं कुणी नाकात मोहरीचं तेल सोडायला आलं तर हात धरा.

गॅसचा अलार्म बसवा, तोही खाली, जमिनीलगत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड. गळतीसाठी 1906 हा नंबर पाठ ठेवा. शिळ्याच्या डब्यावर तारीख लिहा. मीठ चमच्यानेच मोजा. चव लागत नाही म्हणून हात सैल सुटतो आणि रक्तदाब चढतो. फिरायला जा, मन रमवा, हे सगळेच सांगतात, मीही सांगते. पण उदासी हटेना तर तीही डॉक्टरांना सांगा, ती खोटी नसते.

आणि घरच्यांनो, येता-जाता नाकाखाली उदबत्ती धरून "आता येतोय का?" विचारू नका. आला की आम्हीच सांगू. त्यापेक्षा दूध नासलंय का, तेवढं हुंगून सांगा.